रेणू किती कायरल? डावं-उजवं मोजायच्या पट्ट्या

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

एमएस्सीच्या वर्गात कायरॅलिटी शिकवली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘हा रेणू त्या रेणूपेक्षा जास्त कायरल आहे का?’ पाठ्यपुस्तकात याचं उत्तर सापडत नाही. तिथे सगळा मामला हो किंवा नाहीचा. आरशातली प्रतिमा मूळ आकृतीवर तंतोतंत बसली तर अकायरल, नाही बसली तर कायरल. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात केलेली ही व्याख्या आजही जशीच्या तशी चालते, आणि तिच्यात ‘किती’ला जागाच नाही.

तरी प्रश्न रास्त आहे. कायरल पदार्थातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल फिरतं, त्याला घूर्णन म्हणतात; ठरावीक परिस्थितीत मोजलं की ते विशिष्ट घूर्णन. लॅक्टिक आम्लाचं विशिष्ट घूर्णन जेमतेम तीन-चार अंश. सहा बेंझीन वलयं जिन्याच्या पायऱ्यांसारखी गोल चढत जाणाऱ्या हेक्साहेलिसीनचं ३६०० अंशांच्याही वर. दोन्ही कायरल. हे आकडे पाहून दुसरा ‘जास्त’ कायरल वाटला नाही तरच नवल.

पण घूर्णन ही कायरॅलिटीची पट्टी मानली की लगेच अडचण येते. एका कार्बनला इथिल, प्रोपिल, ब्युटिल आणि हेक्झिल अशा चार शृंखला जोडा. चारही वेगळ्या, म्हणजे रेणू कायरल, यात वाद नाही. १९६५ साली विनबर्ग यांच्या गटाने हा रेणू एकाच हाताच्या शुद्ध स्वरूपात, म्हणजे आरसाप्रतिमेची भेसळ न होता, तयार केला. घूर्णन मोजण्याइतकंही मिळालं नाही. चारही शृंखला प्रकाशाच्या दृष्टीने इतक्या सारख्या आहेत की त्यांचे परिणाम एकमेकांत विरून जातात. शिवाय एकाच पदार्थाचं घूर्णन तरंगलांबी, द्रावक, तापमान बदललं की बदलतं, कधी चिन्हसुद्धा उलटतं. आकृती तीच असताना हलणारा आकडा त्या आकृतीचं माप कसा असेल?

म्हणून काही लोकांनी प्रकाश बाजूला ठेवला आणि थेट भूमितीला हात घातला. जेरुसलेमच्या डेव्हिड अवनिर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मांडलेली पद्धत मला त्यांतली सगळ्यात प्रामाणिक वाटते. रेणूतल्या अणूंचे निर्देशांक, म्हणजे त्यांच्या जागा सांगणारे आकडे, घ्या. हा रेणू अकायरल व्हायचा तर प्रत्येक अणू किमान किती सरकवावा लागेल ते शोधा. त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढा, रेणूच्या आकारमानाच्या वर्गाने भागा, १०० ने गुणा. शून्य आलं तर अकायरल. आकडा वाढेल तसा रेणू आपल्या सगळ्यात जवळच्या सममित रूपापासून दूर. प्रकाश नाही, द्रावक नाही, नुसते निर्देशांक.

माझं मत आधीच सांगते. ‘किती कायरल’ याचा सर्वमान्य असा एकच आकडा नाही. तो अजून सापडायचा आहे असंही नव्हे, तो असूच शकत नाही. आणि ही रसायनशास्त्राची उणीव नाही, त्यामागे पक्कं गणित आहे. इथे वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक आहेत. आपापल्या कामात तुम्ही डावं-उजवं कसं मोजता, लिहाल का?

कृष्णाकाठ

धागा वाचून राहवलं नाही. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमचा अख्खा हंगाम पोलरीमीटरवर, म्हणजे घूर्णन मोजायच्या यंत्रावर, चालतो, पण त्या नळीत आपण कायरॅलिटी वाचतोय असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो ‘पोल’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करायचं, २०० मिमीच्या नळीत भरायचं, २० अंश सेल्सिअसला वाचायचं. जे वाचन येईल ते १०० पोल. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हे साधारण साडेचौतीस अंश होतं. उसाचा रस गढूळ असतो, म्हणून तो आधी शिशाच्या क्षाराने निवळून, गाळून मग नळीत. पोल भागिले ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांची टक्केवारी) म्हणजे प्युरिटी. उताऱ्याचा सगळा हिशेब इथून सुरू होतो.

आता गंमत बघा. सुक्रोजचं विशिष्ट घूर्णन +६६.५ अंश. ऊस तोडून दोन-चार दिवस पडून राहिला की सुक्रोज फुटतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज +५२.७ च्या आसपास, फ्रुक्टोज उणे ९२ च्या आसपास, दोन्ही मिळून साधारण उणे २०. म्हणजे सुक्रोज फुटत गेलं तसं वाचन खाली येतं, शून्यावरून पलीकडे जातं. सुमारे तीन चतुर्थांश सुक्रोज फुटलं की काटा बरोबर शून्यावर. त्या क्षणी नळीत एकही अकायरल साखर नसते.

उलटंही होतं. जळीत ऊस किंवा शिळा ऊस आला की त्यात जिवाणू डेक्स्ट्रान बनवतात. त्याचं घूर्णन सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट. रस खराब आणि पोल मात्र चढं! मशीन बिघडलंय म्हणून एका गळीत हंगामात भांडाभांडी झालेली मी पाहिली आहे. यंत्र ठीक होतं. ते फक्त एकूण घूर्णन सांगतं, कुणामुळे झालं ते सांगत नाही.

पाटीपेन्सिल

कृष्णाकाठ दादा, शून्य वाचणाऱ्या नळीचं उदाहरण मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते. विनबर्गचा रेणू एकटाच शून्य दाखवतो, तुमच्या नळीत बेरीज शून्य होते. कारणं वेगळी, शिकवण तीच: पोलरीमीटरचं शून्य म्हणजे अकायरल नव्हे. डेक्स्ट्रानचा मुद्दा तर मला ठाऊकच नव्हता.

जर्मनवासी

क्रिस्टलोग्राफीवाल्यांच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधणाऱ्यांच्या वतीने. आम्हाला ‘किती’पेक्षा ‘कुठला’ हा प्रश्न पडतो. पाश्चर यांनी १८४८ साली सोडियम अमोनियम टार्ट्रेटचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले खरे, पण त्यातला कुठला रेणू प्रत्यक्षात कोणत्या हाताचा, हे कळायला १९५१ उजाडलं. बायफूट यांनी सोडियम रुबिडियम टार्ट्रेटवर क्ष-किरण टाकून ते दाखवलं. तोवर सगळं जग एका गृहीतकावर चाललं होतं आणि योगायोगाने ते गृहीतक बरोबर निघालं.

आज आम्ही फ्लॅक प्राचल लिहितो, म्हणजे क्ष-किरणांच्या मोजणीतून निघणारी एक संख्या. शून्याच्या जवळ आलं तर मांडलेली रचना योग्य हाताची, एकच्या जवळ आलं तर उलटी, ०.५ आलं तर स्फटिकात दोन्ही हात निम्मे-निम्मे. पण हेही रेणू किती कायरल ते सांगत नाही.

(पाश्चरचा प्रयोग कुणी करून बघणार असेल तर हिवाळ्यात करा. ते मीठ साधारण २७ अंशांच्या खालीच डाव्या-उजव्या वेगळ्या स्फटिकांत पडतं. नागपूरच्या मे महिन्यात काहीच वेगळं होणार नाही.)

नवखी

नमस्कार, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हा धागा जणू माझ्यासाठीच निघालाय. ताई, तुम्ही सांगितलेल्या मापात एक खटकतं. ते शून्य किंवा धन येतं, मग डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कसं कळणार? असा आकडा का नाही की उजव्यासाठी अधिक, डाव्यासाठी उणे आणि अकायरल असेल तेव्हाच शून्य? हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तर सहज जमतं. दोन ओ-एच बंधांमधला पीळ जितका, त्याची साइन घ्यायची. ०° आणि १८०° ला रेणू सपाट, अकायरल, साइन शून्य. एका बाजूला पिळला तर अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. हेच सगळीकडे का चालत नाही?

रेघोट्या

नवखी, धाग्याचा गाभा तुम्ही नेमका पकडलात. मी गणिताकडून उत्तर देतो. थोडं सावकाश वाचा, कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

आधी सपाट कागदावरचा त्रिकोण घ्या. कागदावरून उचलायचा नाही, फक्त सरकवायचा आणि फिरवायचा. तीन बाजू असमान असतील तर तो कायरल, दोन समान झाल्या की अकायरल. त्रिकोणाची ओळख तीन लांब्यांनी पटते, म्हणजे सगळे त्रिकोण एका त्रिमितीय अवकाशात मावतात. ‘दोन बाजू समान’ ही एकच अट, आणि एक अट त्रिमितीत एक पृष्ठभाग कापते. पृष्ठभाग म्हणजे भिंत. डाव्या त्रिकोणाला हळूहळू ताणत उजवा करायचा असेल तर कुठेतरी ती भिंत ओलांडावीच लागते, म्हणजे वाटेत एकदा तरी समद्विभुज व्हावंच लागतं. इथे तुमचा अधिक-उणे आकडा चालतो. पेरॉक्साइडचं तेच: पीळ ही एकच संख्या, ०° आणि १८०° या दोन भिंती.

आता चतुष्फलक घ्या, चारही शिरोबिंदू एकसारखे. सहा कडा, म्हणून अवकाश सहा मितींचं. तो अकायरल होण्याची सगळ्यात सोपी रीत कोणती? एक आरसा दोन शिरोबिंदूंतून जातो आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल करतो. त्यासाठी कडांच्या दोन जोड्या समान हव्यात. दोन अटी! सहा मितींत दोन अटी म्हणजे चार मिती उरतात, आणि चार मितींचा संच सहा मितींच्या अवकाशाला दुभागू शकत नाही. खोलीत ताणलेली तार खोलीचे दोन भाग करत नाही, आपण तिला वळसा घालून जातो. तसा डावा चतुष्फलक वळसा घालून उजवा होऊ शकतो, वाटेत एकदाही अकायरल न होता. सपाटही न होता.

आता तुमचा आकडा या वाटेवर चालवा. सुरुवातीला अधिक, शेवटी उणे, आकडा सलग बदलणारा. मध्ये कुठेतरी शून्य येणारच. पण त्या जागी आकृती कायरल आहे! याला खोटं शून्य म्हणतात. आकड्याची व्याख्या कितीही हुशारीने केली तरी ते टळत नाही.

एर्न्स्ट रुख यांनी १९७०च्या सुमारास हा भेद जोडे (पायांतले) आणि बटाटे असा सांगितला होता. जोड्यांच्या ढिगातून डावे-उजवे वेगळे काढता येतात. बटाटेही सगळे कायरल असतात, प्रत्येकाची आरशातली प्रतिमा वेगळी, पण डावे बटाटे एका पोत्यात आणि उजवे दुसऱ्या पोत्यात भरा म्हटलं तर कुणाला जमणार नाही. वर्गीकरणाची रेघ कुठेही मारा, ती मनमानीच ठरते.

एक बारकावा मात्र हवा. शिरोबिंदूंना नावं दिली, म्हणजे हायड्रोजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन अशी ओळख पक्की केली, तर अदलाबदलीचा प्रश्नच मिटतो आणि सपाट होणं हीच भिंत उरते. मग तो जोडा झाला. रेणूच्या दोन हातांना रसायनशास्त्रात दिलेली आर आणि एस ही नावं चालतात ती या ओळखीच्या जोरावर.

पाटीपेन्सिल

रेघोट्या, इतक्या सरळपणे हे मी कुठे वाचलं नव्हतं. अवनिर यांच्या मापाला चिन्ह का नाही, याचंही उत्तर यातच आहे. चिन्ह सोडलं की खोट्या शून्यातून सुटका होते. किंमत अशी की डावं-उजवं सांगायची ताकद जाते.

रसायनातला खराखुरा वळसाही आहे. मिस्लोव्ह आणि बोल्स्टॅड यांनी १९५५ साली एक रेणू बनवला. मध्ये बायफिनाइल (एकमेकांना जोडलेली दोन बेंझीन वलयं), एका टोकाला एका हाताचं मेंथिल (मेंथॉलपासूनचा कायरल गट), दुसऱ्या टोकाला त्याची आरसाप्रतिमा असलेलं मेंथिल. कुठल्याही क्षणी पाहा, रेणू कायरलच असतो. पण टोकं फिरत राहतात आणि तो आपल्याच आरशातल्या प्रतिमेत पोचतो, मध्ये एकदाही सममित न होता. बाटलीतला पदार्थ घूर्णन दाखवत नाही. एका क्षणाला विचाराल तर कायरल, बाटलीला विचाराल तर अकायरल.

नवखी

म्हणजे चिन्ह सोडून दिलं की एकच सर्वमान्य माप मिळतं का?

रेघोट्या

नाही. अंतर कसं मोजायचं ते तुम्ही ठरवणार. वर्गांची सरासरी घ्या, सगळ्यात जास्त हललेल्या बिंदूचं अंतर घ्या, किंवा आकृती आणि तिची प्रतिमा एकमेकींवर ठेवून किती भाग जुळत नाही ते मोजा. प्रत्येक पट्टी कायदेशीर, पण क्रम वेगवेगळा. बुडा आणि मिस्लोव्ह यांनी १९९०च्या दशकात ‘सगळ्यात कायरल त्रिकोण कुठला’ हे शोधलं, तर पट्टीगणिक वेगळा त्रिकोण. २००३ साली रासा आणि फाउलर यांनी त्याचा निकालच लावला: कुठलाही असमभुज त्रिकोण घ्या, तो सगळ्यात कायरल ठरेल असं रीतसर माप बनवता येतं. ताईंनी वर लिहिलं तेच, फक्त सिद्धतेसह.

पेशीवाचक

शीर्षकात नाही, पण या विषयात टोपॉलॉजी यायलाच हवी. लांब्या-कोन सगळे सोडून दिले, बंध रबराचे मानले, तरी डावं-उजवं उरतं का? त्याचं माप काय? आमच्याकडे डीएनएच्या गाठी येतात म्हणून विचारतोय.

पाटीपेन्सिल

पेशीवाचक, बरं झालं विचारलंत. बंध हवे तसे वाकवायची मुभा दिली तर आपले बहुतेक ओळखीचे कायरल रेणू अकायरल होतात. चार वेगळे गट असलेला कार्बन कागदावर सपाट पसरता येतो आणि सपाट आकृती स्वतःचीच आरसाप्रतिमा असते. ग्लुकोज, लॅक्टिक आम्ल, सगळे गेले. उरतात ते सपाट न होणारे. ट्रेफॉइल, म्हणजे तीन छेदांची गाठ, त्यांतली पहिली. दोरी स्वतःवरून जिथे जाते तो छेद. स्ट्रासबर्गला सोवाज आणि दित्रिश-बुशेकर यांनी १९८९ साली हीच गाठ रेणूत बांधली. दोन तांब्याच्या आयनांभोवती दोन लांब धागे एकमेकांत पिळून घेतले, मग त्यांची टोकं जोडली आणि शेवटी तांबं काढून टाकलं. गाठ राहिली. रेणवीय यंत्रांकडे नेणाऱ्या अशा कामासाठी सोवाज यांना २०१६ चं नोबेल विभागून मिळालं. त्या गाठीचा बंध न तोडता तिची आरसाप्रतिमा करता येत नाही, कितीही तापवा. मला यातली खात्री फार आवडते. भूमितीतल्या कायरॅलिटीला ‘या क्षणी’ अशी अट असते, गाठीला नाही.

मापाचं रेघोट्या सांगतील.

रेघोट्या

सांगतो. डावी आणि उजवी ट्रेफॉइल वेगळ्या आहेत हे माक्स डेन यांनी १९१४ साली सिद्ध केलं. गाठ ओळखायला तिच्या छेदांवरून एक बहुपदी काढतात. १९२८ ची अलेक्झांडर बहुपदी मात्र दोघींना एकच उत्तर देते, तिला आरसा दिसतच नाही. १९८४ साली वॉन जोन्स यांना नवी बहुपदी सापडली आणि चित्र बदललं. तिचा नियम सुटसुटीत आहे: गाठीची आरसाप्रतिमा घेतली की सगळ्या घातांकांची चिन्हं उलटतात. उजव्या ट्रेफॉइलच्या बहुपदीत घातांक १, ३ आणि ४ येतात, सहगुणक +१, +१ आणि −१. डावीत −१, −३, −४. जुळत नाहीत, म्हणून कायरल. चार छेदांची आठाकृती गाठ घ्या: घातांक −२ पासून २ पर्यंत, सहगुणक १, −१, १, −१, १. उलटून वाचलं तरी तेच. ती गाठ खरोखरच अकायरल आहे.

मात्र उलटून वाचलं तरी तेच आलं म्हणजे गाठ अकायरल असा निष्कर्ष काढू नका. नऊ छेदांच्या यादीतली बेचाळिसावी गाठ जोन्सला सममित दिसते, प्रत्यक्षात ती कायरल आहे. दहा छेदांपर्यंत अशा दोन गाठी आहेत, दुसरी दहाच्या यादीतली एकाहत्तरावी, ज्यांची कायरॅलिटी जोन्सच नव्हे तर तिच्या दोन चलांच्या विस्तारित बहुपदींनाही पकडता येत नाही. १९९४ साली रमादेवी, गोविंदराजन आणि कौल यांनी भौतिकशास्त्रातल्या चर्न-सायमन्स सिद्धांतातून निघणाऱ्या अधिक व्यापक अपरिवर्तकांनी (गाठ कशीही वाकवली तरी न बदलणाऱ्या राशींनी) त्या दोन्ही पकडल्या. यांतल्या प्रा. रमादेवी पुढे आयआयटी मुंबईच्या भौतिकशास्त्र विभागात आल्या. आपल्या इतक्या जवळ हे काम करणारी व्यक्ती आहे, हे अनेकांना माहीत नसतं म्हणून आवर्जून लिहिलं.

दहा छेदांपर्यंत मूळ गाठी (लहान गाठी जोडून न झालेल्या) २४९, त्यांतल्या अकायरल फक्त २०. म्हणजे सममित असणं हाच अपवाद.

पेशीवाचक

आभारी आहे. आमच्याकडे नेमकं हेच कामी येतं. पी-४ या जिवाणुभक्षक विषाणूच्या कवचात कोंबलेल्या डीएनएच्या गाठींवर २००५ साली अर्सुआगा आणि सहकाऱ्यांचं काम आलं. जेलवर गाठी वेगळ्या केल्या तर आठाकृती गाठ फारच कमी आणि कायरल टोरस गाठी (मेदुवड्यासारख्या कड्याच्या पृष्ठभागावर गुंडाळता येणाऱ्या) भरपूर. डीएनए आत कसाही गच्च भरला असता तर असं दिसलं नसतं, म्हणजे भरण्यालाच एक हात आहे. तिथे ‘राइद’ मोजतात: सगळ्या दिशांनी पाहून छेदांच्या अधिक-उणे चिन्हांच्या बेरजेची सरासरी. ट्रेफॉइलला ती साधारण ३.४ येते, आठाकृतीला शून्य. पण आता लक्षात आलं, हासुद्धा चिन्हवाला सलग आकडा. म्हणजे खोटं शून्य इथेही येणार.

रेघोट्या

येणारच. राइद शून्य असलेली कायरल वेटोळी हवी तितकी काढता येतात.

नवखी

आता माझा प्रत्यक्ष प्रश्न. मी तांब्याची फिनँथ्रोलीन संयुगं करते, एका तांब्यावर दोन लिगंड, म्हणजे धातूला जोडलेले दोन सपाट रेणू. दोन लिगंडांच्या प्रतलांतला कोन ९०° असेल तर रेणू अकायरल, पूर्ण सपाट असेल तर अकायरल, मधे कुठेही कायरल. माझ्या स्फटिकांत तो वेगवेगळा येतो, काहींत ७०° च्या आसपास. गाइड म्हणतात कायरॅलिटीचा आकडा तक्त्यात टाक. कुठला टाकू?

पाटीपेन्सिल

नवखी, आधी ठरवा की आकडा कशाशी ताडून पाहायचा आहे. क्वार्ट्झचं उदाहरण बघा. ल शाटलिए यांनी १८८९ साली तापमानाप्रमाणे क्वार्ट्झचं घूर्णन कसं बदलतं ते मोजलं होतं. शंभरावर वर्षांनी योगेव-आइनोट आणि अवनिर यांनी त्याच तापमानांच्या स्फटिकरचनांतून सिलिकॉन-ऑक्सिजन घटकांचं कायरॅलिटीचं माप काढलं, तर दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसले. तिथे माप उपयोगी ठरलं, कारण पदार्थ तोच, घटक तोच, बदलत होतं फक्त तापमान.

तुमच्याकडेही धातू तोच आणि लिगंडांचा सांगाडा तोच आहे, त्यामुळे अवनिरचं माप चालेल. फक्त तांबं आणि चार नायट्रोजन घेतले तर एक आकडा येईल, पूर्ण लिगंड घेतले तर दुसरा, म्हणून कुठले अणू घेतले ते तक्त्याच्या खाली लिहाच. सगळ्या संयुगांना तोच संच हवा. जवळची अकायरल आकृती ९०° ची धरली की सपाट, तेही नोंदवा. ७०° ला ९०° चीच जवळची असेल, पण एखादं संयुग बरंच चपटं झालं तर ती बदलू शकते, आणि ते न सांगता आकडा दिला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. शेजारच्या रकान्यात नुसता कोन चिन्हासकट द्या. तुमच्या रेणूत पीळ ही एकच मुख्य चल राशी आहे, म्हणजे रेघोट्यांच्या भाषेत भिंती शाबूत आहेत, म्हणून चिन्ह इथे अर्थपूर्ण आहे.

आणि लिगंडवर मोठे गट असतील, त्यांच्यामुळे लिगंड स्वतःच वाकत असतील, तर मग एक चल राशी पुरणार नाही. तशी संयुगं असतील तर वेगळी काढा. निर्देशांकांची फाइल पाठवलीत तर त्या दोन-तीन संयुगांसाठी दोन्ही संच घेऊन मी माप काढून बघते.